वर्डमधल्या फॉर्मचे चौकोन: विंडोजवर चालतात, मॅकवर हलत नाहीत

तारकर्लीकर:
मंडळी, आमच्याकडे उतरणारे पाहुणे स्कुबाला जातात. त्याआधी तब्येतीचा फॉर्म घ्यावा लागतो: दमा, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण वगैरे, प्रत्येकापुढे होय-नाहीचे चौकोन. पुतण्याने विंडोजवर वर्डमध्ये करून दिला, मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. पुण्याच्या एका बाईंकडे मॅक, तिथे चौकोन टिकच होईनात. आणि खाली विंगडिंग्ज फॉन्टमधल्या बरोबरच्या खुणा आहेत, त्या जागी माझ्या मोबाईलवर डोक्यावर दोन टिंबं दिलेला यू दिसतो! माझ्या संगणकावर विंडोजऐवजी उबुंटू 22.04, आणि वर्डऐवजी त्यातलंच लिबरऑफिस. करू काय?

रत्नांग्री_टायपिंग:
आधी पुतण्याला विचारा, चौकोन कुठल्या जातीचा. वर्डच्या डेव्हलपर टॅबमध्ये तीन मिळतात. अ‍ॅक्टिव्हएक्सवाला, म्हणजे विंडोजच्याच तंत्रावर चालणारा, विंडोजपुरताच, मॅकवर मेलेला. लेगसीवाला, म्हणजे जुन्या पद्धतीचा, मॅकवर चालतो, पण 'फक्त फॉर्म भरणे' असं कुलूप फाईलला लावलं तरच. नाहीतर डबलक्लिकवर सेटिंगची खिडकी उघडते. तिसरा कंटेंट कंट्रोल, वर्ड 2010 पासूनचा, त्याला कुलूप लावावं लागत नाही. लिबरऑफिसमध्ये तो 7.4 पासून, म्हणजे ऑगस्ट 2022 पासून टिक होतो. तुमच्या उबुंटू 22.04 सोबत लिबरऑफिस 7.3 येतं, तेव्हा अपडेट करा.
विंगडिंग्जचं कारण सोपं: तो फॉन्ट नसला की खालचं मूळ अक्षर उघडं पडतं. आपल्या जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेली पत्रं आठवा, तोच प्रकार. युनिकोडमधले, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंचातले, ☐ आणि ☑ टाका.

माडाखाली:
माका विचारलास तर सरळ प्रिंट काढा आणि बोटीत चढताना पेनान खुणा मारून घेवा. ह्या भानगडीत कित्याक पडतास?

तारकर्लीकर:
बोटीपाशी कळून काय उपयोग हो? दम्याचा माणूस एवढ्या लांबून येणार, आणि आम्ही त्याला वाळूत बसवून ठेवणार. भांडणच ते. आगाऊच कळायला हवं.
पुतण्याला विचारलं. अ‍ॅक्टिव्हएक्सच निघालं, 'दिसायला बरं वाटलं' म्हणतो.

रत्नांग्री_टायपिंग:
मग कंटेंट कंट्रोल टाकायला सांगा, पण एक गोष्ट नक्की बदला. त्यात टिक केलं की मुळात ☒ येतं, चौकोनात फुली. आपल्याकडे फुली म्हणजे 'नाही'. पाहुण्याने दम्यापुढच्या 'होय'वर क्लिक केलं, तुम्हाला फुली दिसली, तुम्ही काय समजणार? प्रॉपर्टीजमध्ये जाऊन टिक केल्यावरचं चिन्ह ☑ करा, प्रत्येक चौकोनाला. पहिला नीट करून तोच कॉपी-पेस्ट केला तरी चालतं. होय आणि नाही दोन्ही चौकोन ठेवलेत ते उत्तम. एकच असता, तर रिकामा म्हणजे 'नाही' की वाचलंच नाही, कोण सांगणार?

पीडीएफवाला:
लिबरऑफिसच्या फॉर्म मेनूतले चेक बॉक्स वापरून पीडीएफ एक्सपोर्ट करा, 'क्रिएट पीडीएफ फॉर्म'वर खूण ठेवून. मॅकच्या प्रिव्ह्यूमध्येही भरता येतो. फोनवर मात्र अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडायला सांगा, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये उघडून नुसता वाचता येतो.

तारकर्लीकर:
दोन्ही करून पाठवतो, ज्याला जे उघडेल ते. फुलीचं वाचून जुने फॉर्म काढले. पुतण्याने आधी एक कंटेंट कंट्रोलवाला पण केला होता, तो परवाच्या एका ग्रुपला गेलाय. त्यात एकाच्या दम्यापुढे होयवर ☒ आहे आणि नाही रिकामं. शनिवारी सकाळी त्यांची बोट आहे, फोन लावतोय.