लिबर्टेरियन विचार आणि कांद्याची निर्यातबंदी

प्रश्न (कर्वेनगर, पुणे):
नमस्कार. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी सध्या लिबर्टेरियन विचारवंतांचे वाचन करीत आहे. शासनाने जीवित, मालमत्ता आणि करार यांचे रक्षण करावे व त्यापुढे व्यक्तीच्या व्यवहारात पडू नये, हा त्यांचा गाभा मला पटतो. परंतु महागाईची झळ आधी गरिबाला लागते. मग डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली, ती ग्राहकहिताचीच गोष्ट नव्हती काय?

प्रतिसाद (जुन्नर तालुका):
आमचे घर कांद्यावर चालते, म्हणून लिहितो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरात बंदी आली आणि ती मे २०२४ पर्यंत राहिली. गरिबाला मदत जरूर करावी, पण ती सरकारने सर्वांच्या करातून, उघडपणे करावी. माझ्या मालाचा भाव पाडून केलेली मदत म्हणजे एकट्या कांदा उत्पादकावर न सांगता बसवलेला कर आहे. १९८० साली चाकणला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली कांद्याचे आंदोलन झाले, तेव्हा मागणी रास्त भावाची होती. पुढे तेच जोशी खुल्या बाजाराचा आग्रह धरू लागले, कारण भाव पाडणारा हात सरकारचाच आहे हे त्यांनी ओळखले होते.

प्रतिसाद (शनिवार पेठ, पुणे):
वरील मत मान्य आहे, मात्र सत्ता केवळ सरकारकडेच असते असे मानू नये. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेले किमान वय, दहावरून बारा वर्षे केले. परक्या सरकारने आमच्या रूढींत कायद्याने हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत पचवलेले, व्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते असलेले आगरकर मात्र कायद्याच्या बाजूने उभे राहिले, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. त्या मुलीवर बळजोरी सरकार करीत नव्हते, तिचे सासर करीत होते. म्हणून सरकार लहान की मोठे, यापेक्षा कोणावर बळ कोण वापरतो, हे मी आधी पाहतो. कांद्याच्या बाबतीत ते सरकारने वापरले.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. मग बाजार समितीत परवानाधारक मोजक्या व्यापाऱ्यांनीच बोली लावायची, हे बळ कोणाचे मानावे?

प्रतिसाद (जुन्नर तालुका):
व्यापाऱ्याचे, पण ते त्याला परवान्याने मिळालेले. राज्यात बाजार समित्यांचे नियमन १९६३ च्या कायद्याने होते. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला त्यातून मुक्त केला, तेव्हापासून कांदा आवाराबाहेर विकता येतो. तरीही मी बहुतेक माल समितीतच नेतो, कारण तेथे वजनाचा आणि पट्टीच्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या, पैशांचा भरवसा आहे. बाहेरच्या खरेदीदाराने पैसे बुडवले तर दाद लवकर मिळत नाही. करार मोडणाऱ्याकडून वेळेत वसुली करून देणे, हे सरकारचे काम मला मनापासून हवे आहे, आणि नेमके तेच अपुरे पडते.