तिवरावरची पिवळी गोगलगाय नवी जात असेल का?

भाट्येकर
रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत ओहोटीला तिवरांत शिरलो होतो. पानाच्या पाठीला बोराएवढी पिवळीधमक गोगलगाय दिसली. शंखाची कड वाळलेल्या चिकाने पानाला डकवलेली, तोंडावरचं झाकण घट्ट मिटलेलं. खाली बुंध्यावर मात्र सगळ्या तपकिरी. माझ्याकडच्या पुस्तकातही तपकिरीच आहे. ही नवी असेल का? आणि नवी असं ठरवतं कोण?

खाडीची लेक
दादा, रंगावर जाऊ नका. ही लिटोरारिया असावी, म्हणजे तिवरांवर राहणाऱ्या गोगलगायींच्या एका वंशातली. यांच्यात एकाच जातीत पिवळा, गुलाबीसर, तपकिरी असे रंग निघतात. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये यातल्या एका जातीला ‘स्कॅब्रा’ हे नाव दिलं आणि पुढे कितीतरी वेगळ्या जाती त्याच नावाखाली कोंबल्या गेल्या. तो गुंता गोगलगायींचे अभ्यासक डेव्हिड रीड यांनी १९८६ मध्ये सोडवला, तो नुसत्या शंखांवरून नाही. त्यांनी आतलं अंग पाहिलं, विशेषतः नराच्या लिंगाचा आकार.

भाट्येकर
घरी डबाभर रिकामे शंख आहेत. ते चालतील?

खाडीची लेक
एवढ्यावर भागणार नाही, आतला जीवच हवा. एम.एस्सी.ला असताना मी चाळीस गोगलगायी फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्या, आम्हाला तसंच शिकवलं होतं. वर्षभराने त्यांतून डीएनए निघेना. त्या चाळीस जीवांचं मला अजून वाईट वाटतं. अल्कोहोलमध्येही झाकण मिटून बसली तर आत थेंब शिरत नाही. म्हणून आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात सैल पडू द्यायची, मग अल्कोहोल.

तिवरवन
गोळा करण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या, कांदळवन संरक्षित आहे.

खाडीची लेक
अगदी खरं. आणि ठरवण्याचं म्हणाल तर शिक्का मारणारं एकच कार्यालय असं नाही. वर्णन रीतसर छापून यावं लागतं. नावाला आधार म्हणून एक नमुना नेमायचा, तो होलोटाइप. तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही लिहायचं. खरी वर्षं जातात त्याआधी. जुन्या लेखकांनी दिलेलं एखादं नाव हिलाच लागू पडतं का, हे संग्रहालयातले मूळ शंख काढून बघावं लागतं. जुनं नाव सापडलं तर सहसा तेच चालतं.

भाट्येकर
म्हणजे आत्ता मी काय करू?

खाडीची लेक
वही घ्या. झाड कुठलं, पान की बुंधा, भरतीच्या रेघेपासून किती वर, रंग कोणता. पिवळ्या गोगलगायी पानांवर आणि तपकिरी गोगलगायी बुंध्यावर असंच दरवेळी दिसतं का, एवढं पावसाळ्यापर्यंत मोजलंत तरी माझ्या फार कामाचं आहे.

भाट्येकर
उद्याच्या ओहोटीला जातो. पिवळीला हात लावत नाही.