मुलांच्या इन्स्टा खात्यांवरून सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

ए-२०३: आपल्याच सोसायटीतल्या आठवीच्या एका मुलीला इन्स्टावर कुणी अनोळखी माणूस रोज मेसेज करत होता. नाव विचारू नका. आता ब्लॉक केलंय, पण सगळ्यांनी आपापल्या घरी बघून घ्या.

सी-१०१: आमच्याकडे दहावीपर्यंत फोन नाही म्हणजे नाही. विषयच संपला.

बी-४०२: काका, तुमचा नातू माझ्या मुलीला फॉलो करतो 🙈

सी-१०१: कुठल्या फोनवरून??

बी-४०२: ते त्यालाच विचारा. आजींचा फोन रात्री कुठे असतो तेही बघा.

ए-५०४: ऑस्ट्रेलियासारखा कायदा हवा. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालच्यांना खातं ठेवता येत नाही. आणि दंड मुलांना किंवा आईबापांना नाही, कंपन्यांना.

डी-३०१: दादा, कायदा होईल तेव्हा होईल. इन्स्टाने सप्टेंबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने टीन अकाउंट आणलंय. १३ ते १७ वयाच्या मुलांचं खातं आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी लोक मेसेज करू शकत नाहीत, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प. १६च्या आतल्या मुलांना यातलं काही सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते.

ए-२०३: मग हिला मेसेज आले कसे?

डी-३०१: ताई, तिच्या खात्यावरचं जन्मवर्ष बघा. दहाव्या वर्षी १३ सांगून आत शिरलेलं मूल पंधराव्या वर्षी ॲपच्या हिशेबात १८चं होतं, आणि ही सगळी कुंपणं एका दिवसात गळून पडतात. कुणी सुरुवातीलाच १८ टाकलं असेल तर कुंपण कधी नव्हतंच. बऱ्याच घरांत ही तारीख मोठ्यांच्या देखतच टाकलेली असते.

ए-२०३: बघितलं. ॲपसाठी ती २१ वर्षांची आहे 😶

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी पाणी भरून ठेवा. (चर्चा चालू द्या.)

सी-१०१: मग मुलांचे मेसेज आपल्याला वाचता येतील अशी काही सोय नाही का?

डी-३०१: नाही. सुपरव्हिजन, म्हणजे इन्स्टामधली पालकांच्या देखरेखीची सोय, जोडलं तर किती वेळ घालवला, कुणाला फॉलो करतो, गेल्या ७ दिवसांत कुणाकुणाशी बोलला एवढं दिसतं. काय बोलला ते नाही. आणि जोडायला मुलाचीही संमती लागते. शिवाय तुम्हाला दाखवतात ते एक खातं. दुसरं असू शकतं. प्रोफाइलच्या फोटोवर बोट दाबून धरलं की त्या फोनवर सुरू असलेली खाती दिसतात. पण हे चोरून करू नका, मुलासमोर करा.

बी-४०२: मी बी-४०२ची मुलगी, आईच्या फोनवरून. कुणी फोटोवरून धमकी दिली तरी आम्ही घरी सांगत नाही, कारण पहिली गोष्ट फोन जातो. ती मुलगीसुद्धा त्याच भीतीने गप्प होती.

सी-१०१: अगं पण काढून घ्यायचा नाही तर काय करायचं?

डी-३०१: धमकी असेल तर आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. पैसे किंवा आणखी फोटो द्यायचे नाहीत. चॅट पुसायचं नाही, पोलिसांना तेच लागतं. नको तो फोटो पसरायची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे, १८ वर्षांखाली काढलेल्या फोटोंसाठी. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो. सहभागी ॲप तो ठसा जुळवून फोटो काढून टाकतात. यातलं काहीही फोन कपाटात टाकून होत नाही, काका.

सी-१०१: बरं. ती जन्मतारीख कुठे बदलायची?

डी-३०१: सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स. नातू १३च्या आत असेल तर खरी तारीख टाकल्यावर खातं बंद होईल, हे त्याला आधी सांगा.

सी-१०१: तो बाराचा आहे. आजी म्हणतात तुम्हीच सांगा.