आयपीएल लिलाव लीग: ६ पैकी ३ रिटेन कोण? बुमराह १८ कोटींना परवडतो का?

परभणी_सलामीवीर

आमची ८ जणांची घरगुती फँटसी लीग आहे (खरे आयपीएल खेळाडू आम्ही लिलावात घेतो, सामन्यांतल्या त्यांच्या कामगिरीवर गुण मिळतात), सगळे परभणी-सेलू-मानवतकडचे. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला आणि ॲपवरचे पैशांचे खेळ बंद झाले. तसेही आम्ही पैसे लावत नव्हतो, सगळा कारभार एका शीटवर. प्रत्येकाला १०० कोटींची कागदी पर्स (खर्चाची मर्यादा), १५ खेळाडू, बेस प्राइस ५० लाख. धावेला १ गुण, बळीला २५, झेलाला ८. किमान २ षटकं टाकून इकॉनॉमी (षटकामागे दिलेल्या धावा) ७ च्या आत राहिली तर १०. चौकार-षटकारांना वेगळं काही नाही.

यंदा, २०२६ च्या मोसमासाठी, पहिल्यांदाच रिटेन चालू केलंय, म्हणजे गेल्या वर्षीचा खेळाडू लिलावाआधीच ठरलेल्या किमतीला ठेवून घ्यायचा. जास्तीत जास्त ३. किंमत म्हणजे गेल्या वर्षीची किंमत अधिक २० टक्के किंवा अधिक १ कोटी, जे जास्त असेल ते. एक खेळाडू सलग दोनच वर्षं ठेवता येतो. माझ्याकडचे पर्याय, यंदाच्या रिटेन किमतीसकट:

बुमराह १८
सूर्यकुमार १४.४
साई सुदर्शन ८.४
नूर अहमद ५
प्रियांश आर्य २
वैभव सूर्यवंशी १.५

मनात बुमराह, सूर्या आणि साई आहेत. बुमराह एकदा सोडला की लिलावात परत हाताला लागत नाही, ही भीती. लिलाव मार्चच्या दुसऱ्या रविवारी. जाणकारांनी सांगा.

गोदाकाठ_गणित

भाऊ, तुम्ही "कोण चांगला" हे बघताय. रिटेनमध्ये "कोण किती स्वस्त पडतो" हे बघायचं असतं. बुमराह चांगला आहे यात वाद नाही, पण तो चांगला असल्याची पूर्ण किंमत तुम्ही मोजणारच आहात. मग रिटेनची जागा खर्चून मिळालं काय?

हिशेब असा मांडा. ८ संघ गुणिले १५, म्हणजे १२० खेळाडू विकले जाणार. प्रत्येकाचे या मोसमातले अंदाजे गुण लिहा आणि उतरत्या क्रमाने लावा. १२० व्या खेळाडूचे गुण ही तुमची पायरी, कारण तेवढे गुण देणारा कुणीही ५० लाखांत मिळतो. पायरीच्या वर जे गुण उरतात त्यालाच किंमत. एकूण पैसे ८०० कोटी, त्यातून १२० जणांचे ५०-५० लाख वजा केले की राहिले ७४०. हे ७४० कोटी वरच्या गुणांच्या प्रमाणात वाटा. तुमच्या गुणपद्धतीत पायरी साधारण २५० धरली आणि सगळ्यांचे वरचे गुण मिळून १८,५०० आले, तर २५ गुणांना १ कोटी पडतो.

साईचं करून दाखवतो. २०२५ ला १५ सामन्यांत ७५९ धावा, ऑरेंज कॅप (मोसमात सर्वाधिक धावा). तेवढंच पुन्हा होईल असं धरायचं नाही, थोडं खाली ओढून ५९० धरा. ५९० वजा २५० म्हणजे ३४०, भागिले २५ म्हणजे १३.६, अधिक बेस प्राइसचा अर्धा. झाले १४ कोटी. याच पद्धतीने माझे आकडे: बुमराह १६, सूर्या १५, नूर १०, सूर्यवंशी ९, आर्य ५.

आता खरी गंमत. सगळ्यांनी स्वस्तातले २४ खेळाडू रिटेन केले की लिलावात पैसा जास्त आणि माल कमी होतो. समजा त्या २४ जणांची खरी किंमत २६० कोटी आहे आणि रिटेनमध्ये ते १६० ला गेले. उरला पैसा ६४०, उरला माल ५४०. ६४० भागिले ५४० म्हणजे जवळपास १.१८५. शीटवर १० कोटींचा असलेला खेळाडू लिलावात पावणेबाराला जाणार. म्हणून प्रत्येकाची किंमत आधी १.१८५ ने गुणा, मग त्यातून रिटेन किंमत वजा करा:

सूर्यवंशी १०.७ – १.५ = ९.२
साई १६.६ – ८.४ = ८.२
नूर ११.९ – ५ = ६.९
आर्य ५.९ – २ = ३.९
सूर्या १७.८ – १४.४ = ३.४
बुमराह १९ – १८ = १

वरचे तिघे ठेवले तर २४ कोटींची बचत. तुमचे तिघे ठेवले तर साडेबाराची. शिवाय वरच्या तिघांना मिळून १४.९ कोटीच लागतात, पर्समध्ये ८५.१ घेऊन तुम्ही लिलावाला बसता. बुमराह हवाच असेल तर १९-२० ला तिथेच उचला.

तुळजापूर_यॉर्कर

गणित बरोबर, पण दोन ठिकाणी सांभाळा.

एक म्हणजे भाववाढ सगळ्यांवर सारखी बसत नाही. ५० लाखांचा खेळाडू भाववाढ झाली तरी ५० लाखांतच जातो. सगळा जास्तीचा पैसा वरच्या १५-२० नावांवर पडतो. १.१८५ ही सरासरी झाली, बुमराह २२ लाही जाऊ शकतो. तरी बचत ४ च होते आणि नूर पुढेच राहतो.

दुसरं आणि मोठं म्हणजे खेळाडू अकरात आहे का, हे. आपल्याकडे गावकीच्या प्रेमाने चूक होते ती इथेच. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला २०२२ च्या लिलावात चेन्नईने दीड कोटीला घेतलं. तो पूर्ण मोसम बाकावर गेला. पहिला सामना मिळाला २०२३ च्या सलामीला, त्यात ३६ धावांत ३ बळी. ज्याने २०२२ ला घेतला त्याला शून्य, ज्याने २०२३ ला घेतला त्याला पहिल्याच दिवशी ७५. पोरगा तोच, बदलली फक्त संघातली जागा.

हीच फूटपट्टी सूर्यवंशीला लावा. २०२५ ला तो ७ सामन्यांत २५२ धावा करून गेला, जयपूरला गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक. पण त्याला राजस्थानच्या संघात जागा मिळाली ती सॅमसन दुखापतीमुळे बाहेर बसल्यावर. आता सॅमसन ट्रेडमध्ये चेन्नईला गेलाय, म्हणजे जैस्वालबरोबरची सलामी पहिल्या सामन्यापासून मोकळी. सामन्याला ३६ धावांची सरासरी १४ सामने टिकणार नाही, निम्मे गोलंदाज आता त्याचा अभ्यास करून येतील. ३० धरलं तरी दीड कोटीला तो फुकट आहे.

चेन्नईचा अफगाण फिरकीपटू नूर, त्याचंही तसंच. १४ सामन्यांत २४ बळी म्हणजे नुसत्या बळींचे ६००. जडेजा राजस्थानला गेल्याने चेन्नईत फिरकीची षटकं त्याच्याकडे आणखी येतील. धोका एकच, अकरात परदेशी ४ च.

बुमराह २०२५ ला पाठीमुळे पहिले ४ सामने बाहेर होता. १२ सामन्यांत १८ बळी, इकॉनॉमी ६.६७. तुमच्या ७ च्या बोनसला त्याच्यासारखा दुसरा नाही हे मान्य, पण १८ कोटी १४ सामन्यांचे मोजताय हे लक्षात असू द्या.

परभणी_सलामीवीर

साई, नूर, सूर्यवंशी पटलं. मग बुमराह आणि सूर्याला नुसतं सोडून द्यायचं? आणि कॅमेरॉन ग्रीनचं काय, खऱ्या लिलावात कोलकात्याने २५.२० कोटी दिले, आमच्याकडेही गर्दी होणार.

गोदाकाठ_गणित

सोडू नका, यादी द्यायच्या आधी विका. तुमच्या आठात असा एकजण असेलच ज्याच्याकडे रिटेन करण्यासारखं काहीच नाही. त्याला सूर्या १४.४ ला म्हणजे साडेतीन कोटींचा फायदाच आहे. बदल्यात ५० लाखांचा एखादा होतकरू आणि लिलावात आधी नाव पुकारायचा क्रम मागा. आर्यलाही तसाच खपवा, ४७५ धावा केलेला सलामीवीर २ कोटींत कुणीही घेईल.

एक नियम मात्र आत्ताच घालून घ्या: आठही याद्या बंद पाकिटात, एकाच वेळी उघडायच्या. शेवटी यादी देणाऱ्याला बाकीच्यांची भाववाढ आयती कळते, मग भांडणं.

ग्रीनच्या किमतीकडे बघू नका. खरा लिलाव त्या दिवशी कुणाला काय कमी पडतंय त्यावर चालतो. २०२५ ला पंत २७ कोटींचा होता, धावा २६९. त्यातल्या ११८ शेवटच्या एका सामन्यात, म्हणजे आधीच्या १३ सामन्यांत मिळून १५१.

जालना_मिडविकेट

लिलावाच्या दिवसाचं थोडं.

तुमची कमाल बोली कायम डोळ्यासमोर ठेवा: शिल्लक वजा (रिकाम्या जागा – १) गुणिले ५० लाख. शिल्लक २१.५ आणि जागा ८ असतील तर १८ च्या वर जाताच येत नाही. शीटमध्ये आठही संघांची ही कॉलम करून ठेवा. समोरच्याची कमाल बोली १२ वर आली की तुम्ही १२.५ ला उचलू शकता, १५ ची बोली मारायचं कारण नाही. अर्ध्या लीगला हे सुचतच नाही.

तुमची पाळी आली की सुरुवातीला नको असलेलीच मोठी नावं पुकारा. ग्रीन, पंत, जे गर्दी खेचतात ते. लोकांच्या पर्स हलक्या होऊ द्या. पण फुकटची बोली चढवायचा मोह टाळा, माल गळ्यात पडतो.

तुमच्या गुणपद्धतीत २ बळी म्हणजे अर्धशतक. लोक तरी फलंदाजांमागे पळतात. पूर्ण ४ षटकं टाकणारे, त्यातही शेवटची षटकं टाकणारे भारतीय गोलंदाज ४ ते ७ कोटींत गाठा. इम्पॅक्ट प्लेयरच्या नियमामुळे (सामन्यात मध्येच एक खेळाडू बदलता येतो) सातव्या-आठव्या क्रमांकाच्या अष्टपैलूला फलंदाजीच मिळत नाही, त्याला अष्टपैलूचा भाव देऊ नका.

लिलाव संपताना ११ कोटी शिल्लक ठेवून शहाणे झालेले लई असतात. त्या ११ कोटींना दुसऱ्या दिवशी काडीची किंमत नसते.

लातूर_फाइनलेग

आमच्याकडे लिलाव नाही, स्नेक ड्राफ्ट आहे (पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडायचा, दर फेरीला क्रम उलटा). ८ जण, १५ फेऱ्या. गेल्या वर्षी ज्या फेरीत घेतला त्याच्या २ फेऱ्या आधीची निवड देऊन रिटेन करायचं. तिथे हे चालतं का?

जालना_मिडविकेट

चालतं, कोटींच्या जागी फेऱ्या मोजा. बाराव्या फेरीतला नूर दहाव्या फेरीला रिटेन होत असेल आणि मोकळ्या ड्राफ्टमध्ये तो तिसऱ्यात गेला असता, तर ७ फेऱ्यांचा फायदा. पण पहिल्या ३ फेऱ्यांतली एक फेरी नवव्या-दहाव्याच्या दोन फेऱ्यांना भारी असते, म्हणून तिसऱ्या फेरीचा माल पाचव्यात मिळणं हे दहाव्याचा माल चौदाव्यात मिळण्यापेक्षा चांगलं. पहिल्या दोन फेऱ्यांत घेतलेल्याला २ फेऱ्या मागे जायला जागाच नाही, त्याला रिटेनमधून बाद करा नाहीतर दरवर्षी वाद. आणि तुमचा क्रमांक आठवा असेल तर ८ आणि ९ या दोन निवडी लागोपाठ मिळतात, त्यानंतर थेट २४ वी. मधल्या १४ निवडींत जे पद संपेल असं वाटतं, ते तिथेच जोडीने उचला. विकेटकीपर एकाने घेतला की चार-पाच जण लगेच धावतात.