एल्डन रिंग संपल्यावर लगेच सेकिरो? हा सल्ला देणं आता बास करा

अर्धवट_सेव्ह
‘एल्डन रिंग संपला, आता काय खेळू?’ असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: ‘हात गरम आहे तोवर सेकिरो घे.’ दोन्ही फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचे, कठीण लढायांचे गेम. काल परत तेच वाचलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

हात गरम आहे हेच तर दुखणं आहे. शंभर तास बोटांना एकच शिकवलंय: वार आला की रोल, म्हणजे कोलांटी मारून चुकवा. सेकिरोत लाल अक्षर चमकतं, समोरचा भाला पुढे करतो आणि तुम्ही सवयीने मागे सरकता. भाला पोटात. तिथे भाल्याच्या दिशेनेच, पुढे डॉज दाबायचा असतो. त्याला मिकिरी काउंटर म्हणतात आणि तो आधी स्किल पॉइंट देऊन उघडावा लागतो. पायांवर आडवा वार आला तर उडी. घाबरून एल-वन (अडवण्याचं बटण) बडवत राहिलात तर डिफ्लेक्टची, म्हणजे ऐन क्षणी वार परतवण्याची वेळ आणखी आखूड होते, त्यामुळे जितकी घाई तितका मार. लोक गेनिचिरो या बॉसपाशी अडकतात, गेम काढून टाकतात आणि वर गेमलाच नावं ठेवतात.

माझ्या मते पुढचा गेम बोटांच्या आणि लांबीच्या हिशोबाने उलटा हवा. प्रचंड मॅपनंतर मॅपच नसलेला, आठ-दहा तासांत आटपणारा. पोर्टल २, सेलेस्ट, ओब्रा डिन. ओब्रा डिनमध्ये जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते वहीत भरायचं; तिघांचं बरोबर जुळलं की तेवढं पक्कं होतं. रोलचं बटणच नाही, सवय नडणार कुठे?

पॅरीपंत
सेकिरोचं मान्य. पण त्यावरून ‘एल्डन रिंगच्या जातीचा गेमच नको’? सेकिरोत स्टॅमिना (दमाची पट्टी) नाही, बिल्ड (आपल्या पसंतीने घडवलेलं पात्र) नाही, तो त्या जातीचा मुळातच नाही. त्याच कंपनीचा डार्क सोल्स ३ घ्या ना. रोलची मर्यादा तीच, वजन ७० टक्क्यांच्या आत. बॉसची लयही ओळखीची. फक्त उडी धावताना एल-थ्री (डावी स्टिक) दाबून मारायची, तेवढं एका संध्याकाळी बसतं. मध्ये कोडी सोडवत बसलात की रोलचं टायमिंग पुन्हा पहिल्यापासून घोटा.

बोनफायर_आजोबा
डार्क सोल्सचा पहिला भाग (२०११) न खेळता तिसरा (२०१६)? इरिथिल शहराच्या पलीकडे पहिल्या भागातलं अनोर लोंडो परत दिसतं तेव्हा नुसती ‘अजून एक इमारत’ म्हणून पुढे जायचं का? क्रमाने खेळा. घाई कसली आहे?

पॅरीपंत
आजोबा, एल्डन रिंगवाल्याला पहिला भाग देणं म्हणजे शिक्षा. लॉर्डव्हेसल ही वस्तू मिळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धा गेम, फास्ट ट्रॅव्हल नाही. रिस्पेक (स्टॅट पुन्हा वाटणं) नाही, स्टॅट चुकले की चुकले. लॉक-ऑन (नजर एका शत्रूवर खिळवलेली) असताना रोल चारच दिशांना. वजन ५० टक्क्यांच्या वर गेलं की धपकन पडणारा रोल. ७० ची सवय लागलेला माणूस जड चिलखत चढवतो आणि गार्गॉयल बॉसपाशी रडतो.

बोनफायर_आजोबा
रडेल, कारण त्याला कुणी नीट सांगत नाही. वजन २५ टक्क्यांच्या खाली ठेवा, रोल झकास होतो. रोलच्या क्षणी लॉक काढा, सगळ्या दिशा मोकळ्या. मास्टर की (बरीच कुलपं उघडणारी किल्ली, सुरुवातीची भेट म्हणून निवडता येते) घेऊन सुरुवात करा, टेहळणी बुरुजाच्या तळातल्या हॅवेल या शत्रूला पाठीमागून वार करत उरकवा, त्याची अंगठी वजनाची मर्यादा ५० टक्क्यांनी वाढवते. आणि फास्ट ट्रॅव्हल नाही म्हणूनच लिफ्ट खाली येते आणि समोर फायरलिंक हे सुरुवातीचं ठिकाण दिसतं, त्याची मजा आहे. एल्डन रिंगमध्ये घोड्यावरून फिरणाऱ्यांना काय कळणार!

एजिलिटी१०५
दुसऱ्या भागाचं नाव काढायचंच नाही, असं ठरलंय का इथे? शस्त्रांचं, बिल्डचं वैविध्य त्यातलं बघा. नवे लोक ‘रोल लागतच नाही’ म्हणतात कारण अ‍ॅडॅप्टेबिलिटी हा स्टॅट वाढवत नाहीत. मुख्यतः तिच्यावर एजिलिटी ठरते आणि एजिलिटीवर रोलमधली सुरक्षित वेळ आणि एस्टस (हेल्थ भरणारं पेय) पिण्याचा वेग. सुरुवातीच्या लेव्हल तिथे घाला, एजिलिटी १०५ पर्यंत न्या, मग बोला.

पॅरीपंत
रोल नीट लागावा म्हणून आधी कर भरायचा! शिवाय मेलं की कमाल हेल्थ घटत घटत निम्म्यावर. धन्य तो गेम आणि धन्य त्याचे वकील.

एजिलिटी१०५
हेल्थ घटते त्यासाठी सुरुवातीलाच रिंग ऑफ बाइंडिंग मिळते, घसरण पाऊण हेल्थपाशी थांबते. न खेळता बोलणाऱ्यांना ती सापडत नाही.

पॅरीपंत
‘न खेळता’ वगैरे जपून. अंगठीची चार बोटं, त्यातलं एक कायमचं या दंडापायी अडकवायचं, याला उपाय म्हणतात का?

तीस_फ्रेम
तुम्ही भांडा. त्याच कंपनीचा ब्लडबोर्न २०१५ पासून सेकंदाला ३० फ्रेमवर अडकलाय, पीसीवर नाही, त्याचं कुणाला काही नाही.

अर्धवट_सेव्ह
मूळ प्रश्न ‘पुढे काय’ होता, अंगठ्यांचा नव्हता. सवय नडते हे फक्त सोल्सपुरतंही नाही. २०१७ मध्ये होरायझन झिरो डॉन आणि झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड आठवड्याच्या आत आले. झेल्डात स्टॅमिना पुरेल तिथवर जवळपास कुठलाही कडा चढता येतो; होरायझनमध्ये ठरवून दिलेल्या खाचाच धरायच्या. झेल्डा संपवून त्यात गेलेला माणूस कड्यावर डोकं आपटत बसतो आणि म्हणतो गेम बंदिस्त आहे. आधी होरायझन खेळला असता तर तक्रारच नव्हती.

लूप_बावीस
हे पटलं. भर एवढीच, की स्टीमवर घेत असाल तर रिफंडचा हिशोब आधी करा: खरेदीपासून १४ दिवस आणि खेळणं दोन तासांच्या आत. बाल्डर्स गेट ३ मध्ये दोन तास नाक-डोळे ठरवण्यातच जातात, त्यावरून काय कळणार? आउटर वाइल्ड्सचा लूप, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी फेरी, २२ मिनिटांचा. पाच लूप म्हणजे ११० मिनिटं, आवडणार की नाही ते मुदतीत कळतं.

पॅरीपंत
आणि एवढं सगळं करण्याआधी एल्डन रिंगचं डीएलसी (नंतर आलेला जोडभाग) उरलंय का ते बघा. रादान आणि मोग हे दोन बॉस पडलेले असतील तर दार उघडं आहे. तिथे नुसत्या लेव्हलवर भागत नाही, स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा करून तिथली ताकद देणारा आशीर्वाद वाढवावा लागतो, २० पर्यंत जातो. तो ४-५ वर ठेवून बॉसशी भिडायचं आणि मग ‘अन्याय’ म्हणून ओरडायचं, हेही नेहमीचं.

अर्धवट_सेव्ह
डीएलसीचं बरोबर. डार्क सोल्स ३ पण चालेल म्हणा, मध्ये एक छोटा गेम घालून. पंतांचं समाधान व्हावं म्हणून सेलेस्ट धरा, त्यात निदान डॅश (झटक्यात पुढे झेपावणं) आहे.

बोनफायर_आजोबा
आणि मास्टर की विसरू नका.