४ इंची ग्रायंडर: "आर्मेचर गया" म्हणतात. ८५० घालून दुरुस्त करू की नवीन घेऊ?

ग्रिलवाला_इंदूर

नमस्कार मंडळी. १०० मिमीचा अँगल ग्रायंडर आहे, ६७० वॅट, अडीच वर्षं जुना, वॉरंटी कधीच संपली. ग्रिल-गेटच्या वेल्डिंगची घिसाई, एमएसचे (साध्या लोखंडाचे) पाइप-अँगल कापणं आणि मधूनमधून कोटा स्टोन, एवढं काम. आठवडाभर मागच्या जाळीतून ठिणग्या दिसत होत्या, जळका वासही होता. काल कापता कापताच बंद पडला. आता बटण सरकवलं तरी हूं की चूं नाही.

इथल्या सियागंज बाजारात दाखवला. मिस्त्रीनं स्क्रूलाही हात न लावता "आर्मेचर गया है" (मोटरचा फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग गेला) सांगून ८५० मागितले, लोकल आर्मेचर आणि मजुरी धरून. कंपनीचं हवं तर नुसतं आर्मेचरच ११००. तसंच नवीन मशीन २४०० ला पडतं. आणखी एक जण म्हणतो, जुनंच ३०० रुपयांत रिवाइंड करून (नवी तार गुंडाळून) घ्या. मल्टीमीटर वापरता येतो, मशीन उघडायची तयारी आहे. काय करावं?

वाइंडिंग_टेबल

न उघडता आर्मेचर गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. ठिणग्या येऊन मशीन एकदम मुकं झालं, तर पहिला संशय कार्बनवर घ्यायचा, म्हणजे फिरत्या आर्मेचरला करंट पोचवणाऱ्या झिजत्या तुकड्यांवर. बऱ्याच ग्रायंडरमध्ये ऑटो-कट कार्बन येतात. कार्बनच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेली छोटी प्लॅस्टिकची खुंटी असते. कार्बन झिजला की खुंटी बाहेर येऊन त्याला कॉम्युटेटरपासून (आर्मेचरवरची तांब्याच्या पट्ट्यांची कडी, जिच्यावर कार्बन घासतो) उचलून धरते आणि मशीन बंद. आर्मेचर वाचावं म्हणूनच ही सोय, आणि नेमकं त्याच अवस्थेत आर्मेचरचं बिल फाडलं जातं.

प्लग काढा. प्लगच्या दोन पिनांवर मीटर लावून बटण चालू करा. या वॅटेजला साधारण ५ ते १५ ओहम दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर वायर, बटण, कार्बन किंवा फील्ड (आर्मेचरभोवतीच्या न फिरणाऱ्या कॉइली), कुठेतरी लाइन तुटली आहे. वायर बहुतेक वेळा मशीनमध्ये शिरते तिथल्या रबरी बाहीत तुटते, वरून अख्खी दिसते. वीतभर कापून पुन्हा जोडली की झालं.

कार्बन ५-६ मिमीपेक्षा कमी उरला असेल तर दोन्ही बदला, एकटा कधीच नाही. होल्डर ब्रशनं साफ करा. लोखंडाच्या भुशात कार्बन अडकला तर नवा कार्बनही ठिणग्याच मारतो.

मग आर्मेचर बाहेर. कॉम्युटेटर चॉकलेटी आणि गुळगुळीत असेल तर त्याला हात लावू नका, तो रंग चांगला. सगळीकडे काळपट असेल तर बारीक काचपेपर फिरवा. एमरी नको, तिचे कण पट्ट्यांमधल्या खाचेत बसतात. खाचेतला अभ्रक (पट्ट्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा थर) पट्टीच्या बरोबरीला आला असेल तर हॅक्सॉचं पातं घासून पातळ करा आणि तो अर्धा मिमी खाली घ्या. पण शेजारशेजारच्या दोनच पट्ट्यांच्या कडेला जळका खड्डा असेल तर तिथली कॉइल तुटली समजा. खात्री करायला मीटर २०० ओहमवर ठेवा, दोन्ही टोकं जोडल्यावर येणारा आकडा प्रत्येक वेळी वजा करा आणि पट्टीला पट्टी लावत पूर्ण फेरी मारा. आकडा सगळीकडे सारखा हवा. तुटलेल्या कॉइलवर तो एकदम उडतो, कारण करंटला उरलेल्या सगळ्या कॉइलींतून फिरून यावं लागतं. पट्टी ते शाफ्ट काहीही दिसता कामा नये.

शॉर्ट (कॉइलीतल्या तारा आपसात चिकटणं) मात्र साध्या मीटरला सापडत नाही. ०.४ आणि ०.३ मधला फरक मीटरच्या चुकीतच जिरतो. त्यासाठी वाइंडिंगच्या दुकानातला ग्राउलर, म्हणजे आर्मेचर तपासायचं यंत्र. आर्मेचर त्यावर ठेवून वर हॅक्सॉचं पातं धरायचं. शॉर्ट झालेल्या कॉइलीची खाच वर आली की पातं थरथरतं.

शेवटी फील्ड. दोन्ही कॉइली वेगवेगळ्या मोजा, आकडे जुळले पाहिजेत. एक कमी दाखवत असेल आणि तिचं वार्निश काळं पडलं असेल तर नवीन मशीन घ्या. अर्धं जळलेलं फील्ड नवं आर्मेचर खातं.

सियागंज_फेरी

वरच्यात भर. ३०० चं रिवाइंडिंग ४ इंचीत करूच नका. चाकाला मिनिटाला ११,००० फेरे असतील तर गिअरमुळे आर्मेचर जवळपास तिप्पट वेगानं फिरतं. तारेवर वार्निश नीट मुरलेलं नसेल किंवा बॅलन्स चुकला असेल तर तार बाहेर फेकली जाते, आणि जाताना फील्डही घेऊन जाते. ७-९ इंची ग्रायंडर किंवा डिमॉलिशन हॅमरचं आर्मेचर महाग असतं, तिथं चांगल्या दुकानात रिवाइंड करून घेणं परवडतं.

आर्मेचर घ्यायला जाताना जुनं बरोबर न्या. नुसता मॉडेल नंबर सांगून आणलेलं बसेलच असं नाही. एकूण लांबी, पत्र्यांच्या गठ्ठ्याची (ज्यावर तार गुंडाळलेली असते) लांबी आणि जाडी, कॉम्युटेटरचा व्यास, बेअरिंगच्या दोन्ही जागा काउंटरवरच व्हर्नियरनं जुळवा. पिनियन (छोटा गिअर) शाफ्टवरच कापलेला असेल तर दात मोजा आणि त्यांचा पीळ डावा की उजवा ते पाहा. पीळ उलटा निघाला तर गिअर बसणारच नाही.

बेअरिंग दोन्ही बदला, तिथं कंजुषी नको. नंबर कडेवर कोरलेला असतो. कॉम्युटेटरकडे बऱ्याचदा ६०७ असतं, म्हणजे ७ मिमी भोक, १९ बाहेरून, ६ जाडी. दुकानदार "सेमच आहे" म्हणत ६०८ देईल, ते ८ × २२ × ७ असतं. घिसाईच्या कामाला पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड नको, रबरी सीलचं टू-आरएस मागा. ठोकून बसवताना पाइपचा तुकडा आतल्या रिंगवर टेकवा. बाहेरच्या रिंगवर हातोडी पडली की नव्या बेअरिंगच्या गोळ्या तिथंच दबतात.

भट्टी_आणि_भुसा

सगळे काय बदलायचं ते सांगताहेत. का गेलं ते काढलं नाही तर दुसरंही तसंच जाईल. यादीत कोटा स्टोन वाचलं तेव्हाच कळलं. ग्रायंडर हवा मागून ओढतो आणि ती वाइंडिंगवरून पुढे सोडतो. दगडाची पूड त्या हवेबरोबर तारेवर आपटत राहते आणि इनॅमल खरवडते. लोखंडाचा भुसा त्यानंतर शॉर्टचं काम पुरं करतो. दगडाला मार्बल कटर वेगळा ठेवा.

दुसरं, एक्स्टेन्शन. साइटवर ३० मीटर पातळ वायर ओढली की व्होल्टेज पडतं, मशीन मंदावतं, पंखाही मंदावतो, आणि कापत नाही म्हणून माणूस आणखी रेटतो. एवढ्या लांबीला निदान १.५ चौमिमीची तांब्याची वायर हवी, आणि गुंडाळी पूर्ण सोडलेली. जड कापाई झाली की लगेच बंद न करता अर्धा मिनिट रिकामं फिरवा, पंख्याला गरमी काढू द्या.

जोडल्यावर पहिल्यांदा १०० वॅटच्या सीरीज बल्बवर लावा, म्हणजे मशीनचा करंट बल्बमधून जाऊ द्या. बल्ब पूर्ण पेटला तर शॉर्ट.

वाइंडिंग_टेबल

बल्बचं बरोबर नाही. मोटरचा रेझिस्टन्स १० ओहमच्या आसपास आणि पेटलेल्या बल्बचा ५०० च्या वर. धडधाकट ग्रायंडरही सीरीजमध्ये बल्ब जवळजवळ पूर्ण पेटवतो आणि स्वतः नुसता घुमतो. सीरीजवर शॉर्ट ठरवला तर चांगली मशीनं भंगारात जातील. काही चुकीचं जोडलं गेलं असेल तर भडका होऊ नये एवढाच त्याचा उपयोग. बाकी भट्टीरावांचं सगळं मान्य.

ग्रिलवाला_इंदूर

उघडला. प्लगवर काहीच नाही. एक कार्बन ४ मिमी, खुंटी बाहेर. ६० रुपयांची जोडी टाकली तर चालू झाला, पण कॉम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरतंय, लगेच बंद केला. दोन पट्ट्यांमध्ये काळा खड्डा आहे. फेरी मारली, सगळीकडे ०.४, खड्ड्यावर ९.२. फील्ड दोन्ही बाजूंना २.१, वार्निश पिवळंच. मागचं बेअरिंग खरखरतंय. फील्डच्या पत्र्यांवर एका बाजूला बोटभर चकचकीत पट्टा दिसतोय.

वाइंडिंग_टेबल

०.४ वरून थेट ९.२, म्हणजे कॉइल तुटलीच. तुमच्या मिस्त्रीचा अंदाज खरा निघाला, पद्धत चुकीची. तारेचं टोक पट्टीच्या हुकवरून सुटलेलं दिसलं तरी सोल्डरचा डाग देऊ नका, त्या वेगाला टिकत नाही.

तो चकचकीत पट्टा जास्त महत्त्वाचा. बेअरिंग ढिलं होऊन आर्मेचर फील्डला घासत होतं. मागच्या बेअरिंगवरची रबरी टोपी काढा आणि बॉडीतलं तिचं घर पाहा. घर गोल असेल आणि टोपी घट्ट बसत असेल तर नवी टोपी टाकून पुढे जा. प्लॅस्टिक वितळून घर लांबट झालं असेल तर नवं बेअरिंगही तिथं डुगडुगणार, आणि आर्मेचर पुन्हा घासणार. मग बॉडीसकट खर्च करण्यात अर्थ नाही.

सियागंज_फेरी

घर चांगलं असेल तर हिशोब सोपा आहे. कंपनीचं आर्मेचर ११००, बेअरिंग आणि टोपीचे दीडेकशे, कार्बन घातलेच आहेत. हातानं जोडलंत तर १३०० च्या आत. नव्याच्या अर्ध्या किमतीच्या वर जातंय, तरी फील्ड, गिअर, बटण शाबूत असताना मी हेच करीन. मजुरी देऊन करायचं असेल तर नवीन घ्या. लोकल आर्मेचर टाकायचंच असेल तर निदान ग्राउलरवर धरून मगच घ्या.

गिअरच्या डब्यातलं काळं ग्रीस रॉकेलनं धुऊन काढा आणि नवं लिथियम ईपी ग्रीस दातांवर माखा. डबा ठासून भरू नका, ग्रीस गरम होऊन सील ओलांडतं आणि कॉम्युटेटरपर्यंत पोचतं. जोडल्यावर स्पिंडल हातानं फिरवून पाहा, कुठंही अडता कामा नये. मग गार्ड लावून, चाक न लावता ५ मिनिटं चालवा. कार्बन बसेपर्यंत बारीक निळसर ठिणगी दिसेल, ती चालते. कडं पुन्हा फिरलं तर लगेच बंद करा आणि आर्मेचर बिलासकट दुकानात न्या.