साबण-पावडरचा महिन्याचा खर्च कसा कमी करायचा? (पाचगाव, कोल्हापूर, बोअरचं पाणी)

पाचगावची_वैनी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, काल किराणा भरला आणि बिल बघून आज बसलेच लिहायला. घरात आम्ही सहाजण, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन पोरं. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) आहेत, त्यामुळं काळी वाळू, ऑइल, ग्रीस सगळं त्यांच्या कपड्यांवरनं घरी येतं, पोरांचे शर्ट पांढरे, आणि त्यात सध्या पाऊस. मशीन टॉप लोड आहे, रोज एकदा तर लागतेच, एक दिवसाआड दोनदा.

काल पावडर, लिक्विड, कंडिशनर, भांड्याचा साबण, फरशीचं वेगळं, संडासचं वेगळं, बेसिनचं वेगळं, काचेचं वेगळं असं सगळं धरून १,३८० रुपये झाले. एका महिन्याचे. आधी मंगळवार पेठेत भाड्यानं होतो तेव्हा सात-आठशेत भागायचं आणि कपडे याच्यापेक्षा स्वच्छ निघायचे हो. मागच्या वर्षी इकडं फ्लॅट घेतला, इथं प्यायला नळाचं आणि वापरायला बोअरचं पाणी. टॉवेल वाळले की पापडासारखे कडक होतात, कॉलर धुतली तरी करडीच दिसते, म्हणून मी पावडर वाढवत गेले, आता मशीनला पावडरीतले दोन मोठे चमचे भरून घालते आणि वर कंडिशनर.

दारावर एकजण ५ लिटरचे कॅन घेऊन यायचा, स्वस्त पडतं म्हणून घेतला, त्यावर ना नाव ना तारीख, धाकट्याच्या मानेला पुरळ उठलं तसा तो कॅन बाजूला ठेवलाय. नंतर मोबाईलवर बघून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून कॉलरला लावलं, फेस भरपूर आला पण डाग जिथल्या तिथं.

तर मला खरंच सांगा, पैसे नेमके कुठं वाचतात? स्वस्तातली पावडर घेऊ का घरी काही बनवू? मिस्टरांच्या कपड्यांचं काय करू तेही सांगा.

मशीनवाला_राजारामपुरी

ताई मी चौदा वर्षं वॉशिंग मशीनची सर्व्हिस करतोय, तुमचं वाचून लगेच लिहायला घेतलं कारण रोज दोन घरांत मला हेच दिसतं. स्वस्त पावडर शोधायच्या आधी पावडर कमी करा. आधी एक करून बघा, धुऊन वाळवलेले चार टॉवेल मशीनमध्ये टाका, काही म्हणजे काही घालू नका, नुसतं कोमट पाणी, आणि दहा मिनिटं फिरवून झाकण उघडा. फेस दिसला तर ती आधीच्या धुण्याची पावडर आहे, टॉवेलात अडकून राहिलेली. त्याचे पैसे तुम्ही भरलेत आणि ती खळबळून निघावी म्हणून जादा पाणी आणि जादा लाईटही भरताय. एका घरी तर मी पावडर न घालता मशीन चालवून दाखवली, झाकण उघडल्यावर काकू बघतच राहिल्या, वर बोटभर फेस.

पाकिटाच्या मागं किती घालायचं ते लिहिलेलं असतं, एवढ्या वजनाला एवढी. ते वाचा आणि घरातल्या चमच्यानं एकदाच मोजून त्या डब्यावर मार्करनं रेघ मारून ठेवा. सासूबाई घालतील, मिस्टर घालतील, सगळ्यांचं माप एक होतं. हातानं ओंजळीत घेऊन टाकलं की दुप्पट जातेच.

दुसरं, तुमच्या मशीनमध्ये क्षार चिकटलेला असणार. बोअरवाल्या घरातला ड्रम काढला की मागच्या बाजूला पांढरा दगडासारखा थर आणि त्याच्यावर राखाडी चिखल, पावडर आणि मळ एकत्र झालेला. धुताना तोच सुटून कपड्याला लागतो, तुमची करडी कॉलर त्यातली पण असू शकते. लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड १०० ग्रॅम, रिकाम्या मशीनमध्ये गरम पाणी, थोडं फिरवून अर्धा तास तसंच ठेवायचं मग पाणी सोडून पुन्हा एकदा साध्या पाण्यानं. दोन-तीन महिन्यांतनं एकदा बास. मशीन साफ करायच्या तयार पावडरी मिळतात त्यातल्या बऱ्याचशांत हेच असतं, सुटं घेतलं तर स्वस्त पडतं. फक्त त्या दिवशी ब्लीच-बिच काही घालू नका त्यात.

आणि विकत घेताना एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात एका ग्रॅमचा किंवा किलोचा, मिलीचा किंवा लिटरचा दर छापलेला असतो तो बघा. मोठी पिशवी स्वस्तच असणार असं आपण धरून चालतो, कधी कधी १० रुपयाच्या पुड्या ग्रॅममागं स्वस्त निघतात. दोन्ही हातात धरून बघायचं, लाजायचं नाही.

केमिस्ट्रीचे_मास्तर

वहिनी, मशीनवाल्या दादांनी बरोबर सांगितलंय, मी त्याच्या मागचं कारण सांगतो म्हणजे पुढच्या वेळी तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

मंगळवार पेठेत तुम्ही नळाच्या पाण्यात धूत होता. शहराला पाणी नदीचं आणि धरणाचं येतं, पंचगंगेचं किंवा आता थेट पाईपलाईननं काळम्मावाडीचं, ते मऊ असतं. बोअरचं पाणी खडकातनं येतं, येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं, त्याला आपण जड पाणी म्हणतो. साबण या दोघांशी चिकटून चोथा होतो आणि कपड्यावर बसतो. डिटर्जंट पावडर साबणाइतकी फसत नाही, पण तिचाही काही भाग आधी पाण्याशी झगडण्यात जातो आणि उरलेला मळाकडं वळतो. म्हणजे तुमचा खर्च वाढला तो पाण्यानं. पावडर बदलून त्यात फार फरक पडणार नाही.

घरी तपासून बघा. दोन सारख्या बाटल्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत बोअरचं, दोन्हीत अंघोळीच्या साबणाचा चिमूटभर कीस (डिटर्जंट नको, साबणच पाहिजे) आणि तेवढ्याच वेळा हलवा. मऊ पाण्यात वर दाट फेस टिकतो आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ राहतं, जड पाण्यात फेस बसतो आणि पाणी ताकासारखं गढूळ होतं, बाटलीला आतनं पांढरे कण चिकटतात.

उपाय म्हणजे धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे, धुण्याचा, दोन वेगळ्या वस्तू आहेत. हा कॅल्शियमला पाण्यातनं बाजूला काढतो, मग पावडर मळाच्या कामाला मोकळी राहते. लक्ष्मीपुरीत होलसेलवाल्यांकडं विचारा, डिटर्जंटपेक्षा बराच स्वस्त असतो. बादलीभर पाण्याला एक मोठा चमचा, आधी मगभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवायचा, मग बादलीत घालायचा आणि मग पावडर, ती नेहमीच्या निम्मी. रेशमी, लोकरी कपड्यांना लावायचा नाही, ॲल्युमिनियमच्या भांड्याला लावायचा नाही, ते काळं पडतं. हाताला कोरडेपणा येतो, ग्लोव्हज घाला.

आता व्हिनेगर आणि सोडा. एक आम्ल, एक अल्कली, एकत्र केले की दोघं एकमेकाला मारतात, जे फसफसतं तो कार्बन डायऑक्साइड, मागं उरतं ते बहुतांशी पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट नावाचं मीठ (खाण्याचं नव्हे). वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत. एकत्र केलेत की दोन्हींचे पैसे गेले.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. संडासच्या ॲसिडमध्ये किंवा लिंबूसत्वात ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही मिसळायची नाही. त्यातनं क्लोरीन वायू निघतो. माझ्या एका नातलग बाईंनी संडास लख्ख व्हावा म्हणून दोन्ही टाकून दार लावून घासायला घेतलं, खोकत खोकत बाहेर आल्या आणि दोन दिवस दवाखान्यात काढले. वैनी तुमच्याकडं वेगवेगळ्या चार बाटल्या आहेत म्हणून हे आधी सांगितलं. त्यातली बेसिनची आणि काचेची बाटली काढून टाकली तरी चालेल, भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पाण्यात घातले की दोन्ही कामं होतात. आणि घरात शहाबादी फरशी असली तर तिच्यावर कुठलंच आम्ल नको, ती चुनखडीचाच दगड आहे, फसफसते आणि झिजते.

रंकाळा_७८

रिठा कोणी वापरतं का? मी ऐकलं होतं सगळ्या कपड्यांना चालतो.

केमिस्ट्रीचे_मास्तर

चालतो, पण पैठणीला, लोकरीला, नाजूक कापडाला. ग्रीसला त्याचं बळ पुरत नाही. आणि उकळून काढलेलं पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, लागेल तेवढंच करा.

शिवाजीपेठेतली_आजी

ग पोरी, मी लई शिकलेली न्हाई पण ४५ वर्सं संसार केलाय, त्यातलं सांगतो. तुला पावसात इतका खर्च करायचा कशाला, पागोळ्याचं पाणी धर की! आमच्या आईच्या वेळंला पत्र्याखाली घंगाळं, हंडं मांडून ठिवायचे, पहिल्या दोन दिवसाचं पाणी सोडून द्यायचं, कौलावरची घाण धुऊन जाती, मग धरायचं. त्या पाण्यात कापडं अशी मऊ निघत्यात की तुझं ते कंडिशनर लागायचं न्हाई. फ्लॅटात गच्चीचा पाईप खाली येतो, त्याला एक पिंप लाव सोसायटीला इचारून. धुणं बोअरच्या पाण्यात कर, शेवटचं खळबळायचं मात्र ह्या पाण्यात. डास हुतील म्हणून वर कापड बांध.

भांड्याचं सांगतो. रविवारी मटणाचं पातेलं तसंच मोरीत टाकू नगं, रश्श्याचा कट आधी जुन्या पेपरनं नायतर गव्हाच्या कोंड्यानं पुसून घे, मग गरम पाणी, मग साबण. निम्मा साबण वाचतो आणि मोरी पण तुंबत न्हाई. भांड्याची वडी पाण्यात भिजत ठिवत्यात लोकं, ती विरघळून मोरीतनं जाती, जाळीच्या डब्यात कोरडी ठिव. चूल असंल कुणाकडं तर राख आणि नारळाची शेंडी ह्याच्यासारखं काय न्हाई, आणि तांब्या-पितळंला चिंच.

२०१९ ला महापुराचं पाणी आलं तवा माझी लेक शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. घरात गुडघाभर गाळ. सगळ्यांनी आधी फिनेल वतलं, त्या गाळात फिनेल काय करणार? आमी आधी खराट्यानं गाळ वडला, साध्या पाण्यानं तीनदा धुतलं, आणि मग शेवटाला ब्लीचिंग टाकलं. आधी घाण काढायची, औषध मागनं, तवाच ते कमी लागतंय.

पाचगावची_वैनी

सगळ्यांचे खूप खूप आभार! आजी, तुमचं वाचून आईची आठवण आली.

बाटलीचा प्रयोग आत्ताच केला, पोरांना पण घेऊन बसले. नळाच्या बाटलीत वर चांगला दोन बोटं फेस, आणि बोअरच्या बाटलीत मास्तर म्हणाले तसं अगदी ताक, वर दोन-चार बुडबुडे. धाकटा म्हणतो आई हे दूध आहे. माझं तर तिथंच लक्षात आलं की मी वर्षभर पाण्याला पावडर पाजत होते. टॉवेलांचा प्रयोग पण केला, फेस आला, तीनदा साधं पाणी फिरवल्यावर तो थांबला.

मिस्टरांच्या कपड्यांचं राहिलं बघा. त्यांचे एक सहकारी रॉकेल लावून मग मशीनला टाका म्हणतात.

मशीनवाला_राजारामपुरी

रॉकेल, पेट्रोल, थिनर काही लावून मशीनला टाकू नका ताई. त्याच्या वाफेला मोटरची ठिणगी पुरते. ग्रीसचा डाग असेल तिथं कोरड्या कपड्यावरच भांड्याचं लिक्विड चोळायचं, पाणी लावायच्या आधी, तेलात ते तेव्हाच शिरतं. पंधरा मिनिटं ठेवून जुन्या ब्रशनं घासायचं, मग सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवायचं. फौंड्रीचे कपडे आत टाकायच्या आधी गॅलरीत चांगले झटका, खिसे उलटे करून, ती वाळू पंपात जाऊन बसते आणि पंप बदलायला लागला की तुमची वर्षभराची बचत एका दिवसात जाते. पोरांचे शर्ट त्यांच्याबरोबर कधीच नको.

पाचगावची_वैनी (पाच आठवड्यांनी)

सांगितलं होतं कळवीन, म्हणून आले. लिंबूसत्व घालून मशीन फिरवली त्या दिवशी जे पाणी बाहेर आलं ते गटाराच्या पाण्यासारखं, वर पापुद्रे तरंगत होते, ते बघून सासूबाई म्हणाल्या यात आपण पोरांचे कपडे धूत होतो. आता पावडर एका चमच्याच्या खाली आलीय, डब्यावर रेघ मारलीय. कंडिशनर बंद केलं आणि टॉवेल उलट मऊ आहेत, पाणी पण आधीपेक्षा चांगलं टिपतात. सोसायटीनं पिंपाला परवानगी दिली, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पण आता तिथनंच बादली भरतात. या महिन्याचं साबण-पावडरचं सगळं मिळून ६४० झालं, सोडा आणि लिंबूसत्व धरून.

करड्या कॉलरी मात्र पूर्ण गेल्या नाहीत, दोन शर्ट तसेच आहेत. आणि पावसानं कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो म्हणून परत धुवावे लागतात, त्यात पुन्हा खर्च. याला काय करावं?

शिवाजीपेठेतली_आजी

मशीनमदनं निघाल्या निघाल्या झटकून वाळत घाल, आत ठिवू नगं. दोन कापडांत वितभर जागा सोड आणि रातभर फॅन लाव. त्या दोन शर्टास्नी एकदा सोड्याच्या गरम पाण्यात रातभर भिजव, सकाळी पागोळ्याच्या पाण्यात खळबळ, आणि मला सांग.